जुनी सायकल : आधी वाचायची, मग पुसायची

परभणी जिल्ह्यात जुनी सायकल दुकानात सापडत नाही. ती आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत खताच्या पोत्यांमागे उभी असते, माळवदाच्या घरात तुळईला टांगलेली असते, नाहीतर भंगारवाल्याच्या ढिगातून नुसतं हँडल वर काढून पडलेली असते. मालकाला विचारलं तर उत्तरं दोन तऱ्हेची मिळतात. एक, "आजोबांची आहे, अस्सल इंग्लंडची." दुसरं, "न्या की, किलोवर देऊन टाकू." पहिल्या उत्तरामुळे माणूस नको तेवढे पैसे मोजतो, दुसऱ्यामुळे वीसेक किलोचं एक चांगलं यंत्र भट्टीत जातं. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी सायकल नीट पाहिलेली नसते.

नवशिक्याचंही तसंच होतं. सायकल हाती आली की त्याच संध्याकाळी पॉलिश पेपर, काळ्या रंगाचा स्प्रे आणि चकचकीत नवे भाग घेऊन तो कामाला बसतो. दोन दिवसांत सायकल नवी दिसायला लागते, आणि ती कोणाची, कधीची, कुठली हे सांगणारं जे काही तिच्यावर होतं ते धुऊन गेलेलं असतं. गंज उद्याही काढता येईल, ग्रीस पुढच्या महिन्यात भरता येईल. पण कारखान्यातल्या कारागिराने हाताने मारलेली सोनेरी रेघ एकदा घासली की संपली. म्हणून या प्रकरणात दुरुस्तीच्या आधी बराच वेळ नुसतं पाहण्यात घालवायचा आहे.

पहिल्या दिवशी हातात फडकं घ्यायचं नाही, मोबाइल घ्यायचा. दोन्ही बाजू, समोर, मागे, हँडलच्या खालची नळी, चेनकव्हर, मडगार्डची टोकं, सीटच्या कातड्यावरचा ठसा, रिमवरची अक्षरं, हबच्या पोटावरचे आकडे या सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचे. चिखल अगदीच बसला असेल तर ओल्या कापडाने टिपायचा, घासायचा नाही.

मग सायकलचा सांगाडा बघायचा. आपल्याकडची बहुतेक जुनी सायकल ब्रिटिश ‘रोडस्टर’ घराण्यातली असते: मागे कललेली लांब फ्रेम, २८ इंची चाकं, केबलऐवजी सळयांनी चालणारे रॉड ब्रेक, पूर्ण किंवा अर्धं चेनकव्हर, मागचं स्टँड. टायरवर २८ गुणिले दीड इंच असं माप दिसेल. चाकाच्या तारा मोजा. पुढे ३२ आणि मागे ४० निघाल्या तर ती खास ब्रिटिश पद्धत. अमेरिकेत आणि युरोपात बहुधा दोन्हीकडे ३६ असत. एवढ्यावरून सायकल इंग्लंडची मात्र ठरत नाही, कारण भारतातल्या कारखान्यांनी हाच साचा उचलला आणि इंग्लंडने तो सोडून दिल्यावरही पुढे कित्येक वर्षं चालवला.

गोंधळ नेमका इथे होतो. हँडलखालच्या नळीवर पितळी किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला असतो. त्यावर ‘बीएसए’, ‘हर्क्युलिस’, ‘फिलिप्स’, ‘रॅले’, ‘हंबर’ यांपैकी काही वाचलं की घरच्यांची छाती फुगते. पण नाव इंग्रजी असलं म्हणून जन्म तिकडचा असेलच असं नाही. मद्रासजवळच्या अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याने ब्रिटनच्या ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’शी हातमिळवणी करून १९४९ मध्ये ‘टीआय सायकल्स’ काढली. हर्क्युलिस, फिलिप्स आणि पुढे बीएसए ही नावं तिथून देशभर गेली. बंगालमध्ये आसनसोलला ‘सेन-रॅले’चा कारखाना उभा राहिला. सोनीपतचा ‘अ‍ॅटलस’ १९५१ चा, लुधियानाची ‘हीरो’ १९५६ ची. मुंबईत वरळीला ‘हिंद सायकल्स’ होती. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या. तेव्हा बिल्ल्यावर मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका. त्याखालची बारीक अक्षरं भिंग लावून वाचा. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, मद्रास, आसनसोल यांपैकी एखादं गाव तिथे असतं.

तिकडच्या नावांचीही गंमत आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने आपला सायकलचा धंदा १९५७ मध्ये रॅलेला विकला. १९६० मध्ये हर्क्युलिस-फिलिप्सवाला गट आणि रॅले एकत्र आले. त्यामुळे १९६० नंतरच्या इंग्लिश सायकलीवर नाव कुठलंही असो, ती बहुधा रॅलेच्याच छत्राखालची. एकमेकांच्या स्पर्धेत वाढलेली ही नावं शेवटी एका घरात नांदली, आणि आपल्याकडे मात्र ‘माझी हर्क्युलिस भारी की तुझी रॅले’ हा वाद पारावर चालूच राहिला.

बिल्ला पडला असेल तर पुढच्या दातेरी चक्राकडे वळा. जुन्या कारखान्यांनी आपली ओळख तिथे पोलादात कोरून ठेवली आहे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी दिसतात. हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या फेर धरून उभ्या असतात, आणि त्याच कंपनीच्या बऱ्याच सायकलींचा पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्यांचा असतो. तो एकदा पाहिला की विसरत नाही. रज-व्हिटवर्थच्या चक्रात हाताचा पंजा असतो. बीएसए ही मुळात बंदुकांची कंपनी, तिची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. ती बिल्ल्यावर आणि सुट्या भागांवरही सापडते. अ‍ॅटलसच्या बिल्ल्यावर पृथ्वीचा गोल पेलणारा माणूस असतो. चक्र मागाहून बदललेलं असू शकतं, म्हणून बिल्ला, चक्र आणि सीट या तिघांची साक्ष जुळते का ते पाहायचं. सीटवर ‘ब्रुक्स’ असं दिसलं तर ती १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला निघालेल्या कंपनीची कातडी सीट. पण चांगल्या सीटी एका सायकलवरून दुसरीवर सर्रास चढत, त्यामुळे तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नये.

वय ठरवणं याहून अवघड. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो: सीटखालच्या जोडावर, पॅडलच्या नळीच्या तळाशी, किंवा मागचं चाक बसतं त्या पट्टीवर. तो लिहून ठेवाच, पण त्यावरून लगेच साल काढता येईल या भ्रमात राहू नका. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरांना धड क्रम नाही. खात्रीची तारीख सापडते ती तीन गिअरच्या ‘स्टर्मी-आर्चर’ हबवर. १९३६ पासून निघालेल्या त्यांच्या ‘एडब्ल्यू’ हबच्या नळकांड्यावर बनवल्याचं साल, आणि पुढच्या काळात महिनाही, ठोकलेला असतो. आपल्या भागात गिअरची सायकल दुर्मीळ होती. साहेबाची, डॉक्टरची किंवा मोठ्या वाड्यावरची म्हणून एखादी निघते. निघाली तर मागच्या हबवरचं ग्रीस हलक्या हाताने पुसा.

बाकी पुरावे परिस्थितीचे. हँडल आणि रिम पिवळसर झाक असलेल्या चंदेरी रंगाचे असतील तर ते निकेल, म्हणजे साधारण १९३० च्या आधीचं काम. निळसर झाक आली की क्रोम. हँडलही काळ्या रंगाचंच असेल आणि त्याखाली क्रोम नसेल तर युद्धकाळ आठवा, तेव्हा इंग्लंडात क्रोमची टंचाई होती. पुढच्या नळीवर दिव्याचा कंदील अडकवायची पट्टी, हबला तेल सोडायचं झाकणीचं भोक, कड्यांमध्ये दुप्पट अंतर असलेली ‘इंच पिच’ची चेन, या सगळ्या जुनेपणाच्या खुणा. ही शेवटची चेन आता मिळणं फार कठीण, म्हणून ती असेल तर मालकाशी बोलण्यापूर्वीच मनात नोंद करावी.

कागद आणि खुणा मात्र मराठवाड्यात जितक्या सापडतात तितक्या शोधणारा शोधत नाही. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. मुंबईत उतरलेली सायकल मनमाडला मोठ्या रुळावरून लहान रुळाच्या गाडीत चढून परभणी, पूर्णेकडे यायची. १९४८ च्या सप्टेंबरपूर्वीची एखादी पावती किंवा परवाना ट्रंकेत निघाला तर तो उर्दूत असण्याची आणि त्यावरचं साल फसली असण्याची शक्यता मोठी. त्यात ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो: फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ च्या सुमारास सुरू झालेलं वर्ष. जुने सातबारे आणि खासरापत्रकं चाळलेल्या घरांना हा हिशोब शिकवावा लागत नाही.

नंतरच्या काळातले पुरावे जास्त. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पैसे भरल्याचा छोटा धातूचा बिल्ला देत. त्यावर पालिकेचं नाव, नंबर आणि साल असे. तो बिल्ला हँडलला किंवा पुढच्या चाकाच्या नटाखाली बसवलेला असतो, आणि नवशिका पहिल्यांदा त्यालाच काढून फेकतो! बिल्ल्यावरचं साल म्हणजे सायकलचा जन्म नव्हे, पण त्या वर्षी ती रस्त्यावर होती एवढं पक्कं. मागच्या मडगार्डवर रंगवलेला मोठा आकडा आणि दुकानाचं नाव दिसलं तर सायकल भाड्याच्या दुकानातली; तासावर चाललेली, बऱ्याच पोरांनी हाफ पॅडल मारत शिकलेली. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना सायकलीसाठी सरकारी अग्रिम मिळत असे, त्याची कागदपत्रं घरात असू शकतात. आणि लग्नात घड्याळ, रेडिओ, सायकल देण्याच्या काळात कित्येकांनी चेनकव्हरवर नाव किंवा लग्नाचं साल घालून घेतलं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "ही कोणत्या साली घेतली?" असं विचारू नका. "तुमच्या लग्नाच्या आधी होती का नंतर आली? तेव्हा थोरला जन्मला होता का?" असं विचारा. सालं विसरतात; लग्न आणि लेकरं विसरत नाहीत.

आता घ्यायची की नाही, याचा निर्णय. गंज, फाटकी सीट, गेलेले टायर यांना घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते वाकलेल्या फ्रेमला. हँडलखालच्या जोडामागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावर बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मग एक दोरा घ्या. मागच्या चाकाच्या उजव्या पट्टीपासून पुढच्या नळीला वळसा घालून डाव्या पट्टीपर्यंत ताणा, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक निघाला तर सायकल भिंतीवर टांगायला ठीक, रस्त्यावर नको. सीटची नळी आणि हँडलचा दांडा फ्रेममध्ये गंजून एकजीव झालेत का, तेही जागेवरच बघून घ्या; ते मोकळे करायला आठवडे जातात. भंगारातून घेत असाल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर पावती घ्यायला लाजू नका, चोरीची सायकलही कधी ना कधी भंगारातच येते.

परभणीच्या हवेचं एक बरं आहे. कोकणासारखी खारी दमट हवा नाही, त्यामुळे नळ्या आतून कुजण्याचं प्रमाण कमी. पण ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबर करकरीत होतं, कातडी सीट पापडासारखी ताठरते, आणि मडगार्डच्या आत थापून बसलेली काळी माती पावसाळाभर ओल धरून पत्रा खाते. आखाड्यावर खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली सायकल सर्वांत वाईट अवस्थेत असते; खतातले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंडाला लागतात. गोठ्यातल्या सायकलीचंही तेच.

आपल्याकडच्या सायकलीवर आणखी एक थर असतो, तो मालकाने चढवलेला. दुधाच्या कॅनसाठी वाकवलेले लोखंडी आकडे, कडब्याच्या पेंढ्या पेलायला रुंद केलेलं कॅरिअर, पुढच्या चिमट्याला आधाराच्या जादा दांड्या, वेल्डिंगचे ओबडधोबड टाके. संग्राहक हे सगळं ‘मूळ नाही’ म्हणून कापून टाकतात. माझं मत उलट आहे. नॉटिंगहॅमहून निघाली तशी शुद्ध सायकल तिकडच्या संग्रहालयांत भरपूर आहे. मानवतच्या बाजारात सरकीची पोती वाहिलेली तिकडे कुठून असणार? जोड मजबूत असेल आणि चालवायला धोका नसेल तर ते राहू द्यावं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभं केलेलं जुन्या सायकलींचं संग्रहालय बघून आलात तर मूळ भाग कसे दिसतात याची नजर तयार होते. ते एकदा बघावंच. पण त्याच्या बरोबरीने आपल्या गावातल्या सायकलीही बघाव्यात.

खोलायला सुरुवात करताना दोन उलटे आटे लक्षात ठेवायचे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, आणि ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा पॅडलच्या नळीतला कपही उलट्या आट्यांचा असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावून लावून तो आणखी घट्ट करतो. खरं तर तो उजवा कप काढूच नये; आत बोट घालून पुसून घ्यावा. जुन्या ब्रिटिश नटांना मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. कडा गोल होण्याआधी योग्य इंची पाना शोधा. गंजलेल्या आट्यांवर पातळ तेल सोडून रात्रभर थांबा, सकाळी परत सोडा.

सगळ्यांत जास्त सायकली बिघडतात त्या काटर काढताना. पॅडलचा क्रँक एक्सलवर ज्या निमुळत्या पिनेने अडकवलेला असतो तो काटर. वर्षानुवर्षं तो तिथे गंजतो, आणि नवशिका हातोडा घेऊन त्याच्या आट्यांवर तुटून पडतो. आटे चेपतात, पिन आतच राहते, आणि दणक्याने छर्रे एक्सलच्या कडांवर खड्डे पाडतात. योग्य रीत अशी: नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी समतल येईल इतकाच सैल करायचा म्हणजे तो आट्यांची ढाल होतो. क्रँकच्या खाली एक जाड लोखंडी नळी उभी करून जमिनीवर टेकवायची, काटरचं जाड डोकं तिच्या पोकळीत येईल अशी. आता सगळा धक्का नळीवाटे जमिनीत जातो, छर्ऱ्यांवर नाही. मग जड हातोड्याचा एकच नेमका घाव. दहा हलके ठोके पिन वाकवतात, एक सणसणीत घाव ती सोडवतो.

हे जमत नसेल तर लाज न बाळगता मिस्त्रीकडे जावं. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही गावात एखादा जुना मिस्त्री असतोच, आणि त्याच्या हाताने हजारो काटर निघालेले असतात. फक्त सांगताना स्पष्ट सांगायचं: "चाचा, काटर काढून द्या, चाकाचा आउट काढून द्या, बाकी रंगाला, बिल्ल्याला हात नका लावू." हे सांगितलं नाही तर प्रेमापोटी तो सगळी सायकल घासून, चकचकीत स्टिकर लावून देईल, आणि दोष त्याचा नसेल. त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं.

छर्रे सुटतात तेव्हा ते घरभर पळतात, म्हणून खाली परात ठेवा. पॅडलच्या एक्सलला आणि मागच्या हबला साधारणपणे पाव इंची छर्रे, पुढच्या हबला तीन-सोळांश इंची. काढताना प्रत्येक बाजूचे मोजून लिहून ठेवा. एक्सलला एका बाजूला ११, मागच्या हबला ९, पुढच्याला १० असा सर्वसाधारण हिशोब बसतो. छर्रे स्वस्त असतात, जुने परत घालू नका. मिळत्याजुळत्या मापाचे नवे पूर्ण संच घाला. कोन आणि कपवर खड्डे पडले असतील तर तेही बदला. नवीन भाग घेताना एक अडचण येते: रॅलेने पॅडलच्या नळीला इंचाला २६ आट्यांचं स्वतःचं माप ठेवलं होतं, बाकीच्या बऱ्याच ब्रिटिश सायकलींना २४ आटे असत. डोळ्यांना फरक दिसत नाही, बसवताना पहिल्या वेढ्यालाच अडतं. अडलं तर तिथेच थांबा, जबरदस्तीने फ्रेमचे आटे जातील. फ्रीव्हीलमधली कुत्री चिकटली असतील, म्हणजे पॅडल मारलं तरी चाक फिरत नसेल, तर ती बहुधा मेलेली नसतात, वाळलेल्या तेलात अडकलेली असतात. डिझेलमध्ये भिजवून, फिरवून, परत तेल सोडलं की टकटक सुरू होते. चेन मात्र मोजा: १२ इंचांच्या जागी सव्वाबारा इंच भरू लागली तर ती कधीच झिजून गेली आहे. खरं तर बारा आणि एक-अष्टमांश इंचालाच ती बदलायची.

गंजासाठी पहिलं औषध म्हणजे पाणी आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल. फॉइलचा बोळा ओला करून क्रोमवर घासला की वरवरचा तपकिरी थर निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही, कारण ॲल्युमिनियम त्याहून मऊ असतं. सुटे केलेले क्रोमचे लहान भाग लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात काही तास बुडवून ठेवता येतात. मध्येमध्ये बघत राहायचं, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेलं लोखंडही गंजतं. क्रोमचे पोपडेच उडाले असतील तर ते कशानेही परत येणार नाहीत. मग एक तर नव्याने प्लेटिंग करून घ्या, किंवा तेलाचा हात फिरवून जसं आहे तसं राहू द्या. मी दुसरं करतो.

रंगावर यातलं काहीही चालवायचं नाही. साध्या साबणाच्या पाण्याने, मऊ कापडाने, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघायचं. कापडाला सोनेरी किंवा लाल रंग लागला तर थांबायचं; जुन्या स्टिकरांवरचं वॉर्निश गेलेलं असतं आणि खालची अक्षरं पाण्यानेही सुटतात. रंग टिकून असेल तर वरून गाडीचं मेण लावलं तरी काळा रंग आतून उजळतो. उघड्या पडलेल्या लोखंडावर बारीक ब्रशने तेवढ्याच जागी काळा रंग टिपता येतो. अख्खी फ्रेम रंगवायची वेळ आलीच तर जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जाते. ओलं करून, बाहेर, तोंडाला मास्क लावून घासा. आणि आधीचे फोटो त्यावेळी उपयोगी पडतील, रेघ कुठून कुठे जात होती ते त्यांत दिसतं.

कातडी सीट तेलात बुडवायची नाही, ती ढिली पडून खड्डा होते. चामड्याचं मेण खालून-वरून पातळ लावायचं, महिनाभर अधूनमधून. पुढच्या टोकाखालचा ताणाचा नट अर्धा वेढा फिरवून बघायचा, त्याहून जास्त नाही.

टायरच्या बाबतीत परभणीचा माणूस लंडनच्या माणसापेक्षा सुखी आहे. २८ गुणिले दीडचं माप तिकडे सामान्य दुकानांतून कधीच गेलं, आणि तिकडचे शौकीन भारतात बनलेले टायर मागवतात. आपल्याकडे ते साध्या सायकलच्या दुकानात मिळतात, तसेच रॉड ब्रेकचे गुटके, काटर, व्हॉल्व्हट्यूब, पॅडलची रबरं. म्हणून महागड्या परदेशी भागांच्या मागे न लागता आधी गावच्या दुकानात माप दाखवावं. चाकाचा आउट काढताना तारेचा निपल एका वेळी पाव वेढा फिरवायचा, एकाच तारेला पिळत बसायचं नाही.

जोडताना काटर एकमेकांच्या उलट दिशेने बसवायचे, नाहीतर दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत. नवा काटर जाड असेल तर त्याची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी उतरवून बसवून बघायची. तो हातोड्याने ठोकूनच पूर्ण बसवायचा आणि मग नट आवळायचा. नटाच्या जोराने काटर ओढून घ्यायला गेलात तर आटे जातील. पहिले काही किलोमीटर चालवून परत ठोकायचा, परत आवळायचा. हे टाळलं तर काटर हलून क्रँकचं भोक लांबट होतं आणि नव्या काटरनेही ते दुरुस्त होत नाही.

पहिली फेरी कृषी विद्यापीठाच्या आवारातल्यासारख्या रुंद, कमी रहदारीच्या रस्त्यावर, ऊन उतरल्यावर. ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे एकाच वेळी टेकतात का ते उभ्यानेच पाहून घ्यावं. आणि जून लागला की एक लक्षात ठेवावं: क्रोमची रिम ओली झाली की रॉड ब्रेक जवळजवळ निकामी होतो. पावसात ही सायकल उतारावर नेऊ नये, आणि न्यावीच लागली तर उतरून हातात धरून चालावं.